आसरांचा डोह आणि परीचे पंख

(साताऱ्यात वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका विहिरीपासून करते. माझं आजोळ कृष्णाकाठचं, माहुलीच्या पलीकडे. मळ्यात दगडी बांधणीची जुनी विहीर होती, आत उतरायला पायऱ्या. पाण्यालगतच्या पायरीशी एक कोनाडा आणि त्यात शेंदूर फासलेले सात गोटे. माझ्या लहानपणी मोट जाऊन इंजिन आलं होतं, पण कोनाडा होता तसाच होता. आजी तिथे हळदकुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या ठेवायची, केळीच्या पानावर दहीभात ठेवायची, आणि मागे वळून न बघता वर यायची. आम्हा पोरांना ताकीद होती, "भर दुपारी आन् तिन्हीसांजंला हिरीवर जायचं न्हाई. आसरा हायत्या." मी एकदा विचारलं, "आजी, दिसायला कशा असतात गं?" ती म्हणाली, "दिसल्यावर मानूस वर येतंय व्हय सांगायला?"

त्याच वर्षी शाळेतल्या गोष्टीच्या पुस्तकात मला परी भेटली. पांढरा झगा, पाठीला पंख, हातात चांदणीची छडी. कोनाड्यातल्या सात गोट्यांशी या बाईचं काही नातं असेल असं कुणाच्या मनात येईल? माझ्याही आलं नाही. ते नातं कळायला मला निम्मं आयुष्य लागलं, आणि आज तेच सांगायला उभी आहे.

आसरा म्हणजे त्या सात गोट्यांच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या पाण्यातल्या देवता. हा शब्द अप्सरेवरून आला. अप् म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. इंद्राच्या दरबारात नाचणारी अप्सरा नंतरची. अथर्ववेदात अप्सरांना हाकलून लावण्याचे मंत्र आहेत, त्यासाठी अजशृंगी नावाची वनस्पती वापरायला सांगितली आहे. शतपथ ब्राह्मणात पुरूरव्याला उर्वशी पुन्हा दिसते ती सरोवरात, सख्यांबरोबर पाणपक्ष्याच्या रूपात. म्हणजे मूळची अप्सरा पाण्यातली आणि भीती वाटावी अशी. पुढे पुराणांनी तिला स्वर्गात नेलं, कॅलेंडरांनी तिला दागिने घातले. आजीच्या विहिरीतली मात्र अथर्ववेदातलीच राहिली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या आजीनं पंडितांपेक्षा जुनी अप्सरा सांभाळली, हे मला फार मोठं वाटतं.

आता परीकडे वळू. आपला परी हा शब्द फारसीतून आला. तिची पूर्वज पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातली पइरिका, आणि ती चक्क दुष्ट शक्ती होती. पुढच्या फारसी काव्यात तीच सौंदर्याची उपमा झाली. इंग्रजीतली फेअरी वेगळ्या घरातली. तिचं मूळ लॅटिनमधल्या फाता या शब्दात आहे, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या देवता. इथे मला आपली सटवाई आठवते. बाळंतिणीच्या खोलीत रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. झोपलेल्या राजकन्येची गोष्ट याच अंगानं पुन्हा वाचा. फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकानं ती 1697 साली पुस्तकात छापली. बारशाला सात पऱ्यांना आमंत्रण जातं, एक म्हातारी परी विसरली जाते आणि ती येऊन मुलीच्या नशिबी मरण लिहिते. त्या पऱ्या बारशाला नटूनथटून आलेल्या पाहुण्या नाहीत. त्या बाळाचं नशीब लिहायला आल्या आहेत. मान चुकला की काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला समजावून सांगावं लागत नाही.

आयर्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांतही पऱ्यांचं नाव उघड घेत नसत. "भली माणसं" म्हणायचे. आपण रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणतो, अंगावर फोड उठले तर देवी आल्या म्हणतो, आसरांना मावल्या म्हणतो. गोड नाव दिलं की कोप टळतो, ही समजूत दोन्हीकडची.

मग ही भीती गेली कुठे? एका दिवसात गेली नाही. शेक्सपिअरच्या नाटकातल्या पऱ्या घाबरल्या की ओकच्या फळाच्या वाटीत जाऊन लपतात, म्हणजे सोळावं शतक संपता संपता त्या बोटभर झाल्या होत्या. लोककथांतल्या पऱ्यांना पंख नव्हते. फुलपाखराचे पंख त्यांना अठराव्या शतकात कवींनी आणि चित्रकारांनी लावले. एकोणिसाव्या शतकात त्या मुलांच्या पुस्तकांत राहायला गेल्या. आणि 1904 साली लंडनच्या रंगमंचावर पीटर पॅनचं नाटक आलं. त्यात टिंकरबेल नावाची परी विष पिऊन मरायला टेकते, आणि पीटर प्रेक्षकांतल्या मुलांना विनवतो की तुमचा पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. मुलं टाळ्या वाजवतात, परी जगते. सगळा इतिहास मला या एका प्रसंगात दिसतो. कधीकाळी आपलं लेकरू जगणार की मरणार, हे तिच्या मर्जीवर होतं. आता तिचा जीव आपल्या लेकरांच्या टाळ्यांवर आला.

त्यानंतर काही वर्षांनी, 1917 साली, यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या मावस बहिणींनी घरामागच्या ओढ्यावर पऱ्यांचे फोटो काढले. फ्रान्सिस ओढ्यात भिजून यायची आणि बोलणी खायची. मी पऱ्या बघायला जाते, असं तिनं सांगितलं. पऱ्या कागदावर चितारून कापलेल्या होत्या, टाचण्यांनी उभ्या केलेल्या. शेरलॉक होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉयल याला ते फोटो खरे वाटले आणि 1920 च्या डिसेंबरमध्ये त्यानं मासिकात तसा लेख लिहिला. लोक त्याला हसतात. मला हसू येत नाही. महायुद्ध संपलेलं, घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं, त्याचा स्वतःचा मुलगा 1918 साली गेलेला. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे काहीतरी आहे, असा पुरावा त्या माणसाला हवा होता. बहिणींनी 1983 साली कबुली दिली, पण फ्रान्सिस शेवटपर्यंत म्हणत राहिली की पाचवा फोटो खरा आहे.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, जुनी भीतीच बरी होती. तसं नाही. आयर्लंडमध्ये टिपररी परगण्यात 1895 साली ब्रिजेट क्लीअरी नावाची सव्वीस वर्षांची बाई आजारी पडली. शिवणकाम करणारी, स्वतःचं शिलाई मशीन असलेली. नवऱ्यानं मनात घेतलं की ही आपली बायको नाही, पऱ्यांनी तिला पळवून तिच्या जागी दुसरीच ठेवली आहे. कडू औषधं पाजली, आगीची भीती दाखवली आणि शेवटी नातेवाइकांच्या देखत जाळली. तिच्या खोकल्यावर डॉक्टरचं औषध होतं.

माझ्या नात्यातल्या एका बाळंतिणीला बाळंतपणानंतर ताप भरला, ती बरळायला लागली. घरचे म्हणाले, केस मोकळे सोडून विहिरीवर गेली होती, आसरांनी धरलं. देवऋषी आला, लिंबं कापली, मिरच्यांची धुरी दिली. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. ती वाचली. पण पुढे जन्मभर बायका तिच्याकडे लेकरू द्यायच्या नाहीत. तिचा चेहरा आठवला की मला आजीच्या श्रद्धेचं नुसतं कौतुक करता येत नाही. आणि हे साताऱ्यात बोलते आहे, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव घ्यायलाच हवं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरच्यांची धुरी देणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. त्या कायद्यासाठी हा माणूस कित्येक वर्षं झिजला आणि तो झालेला बघायला राहिला नाही.

तरी त्या विहिरीत चपला घालून कुणी उतरत नसे, कुणी चूळ टाकत नसे, हेही मी पाहिलं आहे. आज तिच्यावर लोखंडी जाळी आहे, आत सबमर्सिबल आहे, आणि पाण्यावर दुधाच्या पिशव्या तरंगतात. भीती गेली ते बरंच झालं. तिच्याबरोबर पाण्याची अदबही गेली, त्याचं मला वाईट वाटतं, आणि ही दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी वाटतात.

कासच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी एक निळंजांभळं फूल येतं, त्याला आपण सीतेची आसवं म्हणतो. त्याच्याशेजारीच पिवळा कवला फुलतो, त्याला पर्यटक मिकी माउस म्हणतात. मला त्या नावाचा राग नाही. ज्याच्या मनात जी गोष्ट असते, ती त्याला फुलात दिसते. पण सीतेची आसवं कुणाला सांगावीशी वाटली, कधी वाटली, हे विचारणारं कुणी उरलं नाही तर ते नाव नुसतं पाटीवर राहील.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पोथ्यांत आसरांची नावं मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी येतात. मासोळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर ही सगळी पाण्यातली मंडळी त्यात आहेत. पण गावोगावच्या बायका वेगळी नावं घेतात, त्यांच्या भावाची, म्हसोबाची गोष्टही वेगळी सांगतात. तुमच्या विहिरीवर, डोहावर, बंधाऱ्यावर ते सात गोटे असतील, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला नावं विचारून या. ज्यांना आत्ताच आठवतंय, त्यांनी चहा घेऊन इथे पुढे यावं. मी वही आणली आहे.