उपपदाचे दोन धनी

मंडळी, इंग्रजीत 'ॲपल'ला 'ॲन' लागतं हे सगळ्यांना पाठ असतं. आता मध्ये 'रेड' घाला. लगेच 'अ रेड ॲपल' होतं. उलट 'अ डॉग', पण 'ॲन ओल्ड डॉग'. उपपद, म्हणजे 'अ', 'ॲन' किंवा 'द', नामासाठी येतं, पण त्याचं रूप ठरवतो त्याच्या लगेच पुढचा शब्द, आणि ती जागा पुष्कळदा विशेषणाने अडवलेली असते.

तेही स्पेलिंगवरून नव्हे, उच्चारावरून. 'युनिव्हर्सिटी' लिहिताना पहिलं अक्षर यू, तरी 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर' लिहिताना पहिलं एच, तरी 'ॲन अवर'. आपल्या हाताशी याची फार चांगली कसोटी आहे: शब्द देवनागरीत लिहा. आरंभी स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. 'युजफुल'मध्ये य, 'वन-वे'मध्ये व, म्हणून दोन्हींना 'अ'. 'ऑनेस्ट' आणि 'एक्स-रे' यांना 'ॲन'. मात्र उच्चार चोख हवा. 'एग'ला 'येग' म्हणणाऱ्याची कसोटी तिथेच फसते. कानाला 'ॲन इअर', वर्षाला 'अ यिअर'. बोलताना हाच न्याय 'द'लाही लागतो: 'द डॉग', पण 'दि ओल्ड डॉग'.

'अ' की 'द', हे मात्र शेजारच्या शब्दावर ठरत नाही. ऐकणाऱ्याला ती वस्तू नेमकी कोणती हे ठाऊक आहे का, त्यावर ठरतं. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून हा भेद परका वाटतो, पण तो आपण रोज करतो. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हटलं तर कुणीही डॉक्टर चालेल. 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हटलं की ते ठरलेले डॉक्टर. पहिल्या वाक्यात 'अ डॉक्टर', दुसऱ्यात 'द डॉक्टर'.

विशेषण इथेही हात घालतं. नुसत्या 'ब्रेकफास्ट'ला सहसा उपपद नसतं, पण 'अ बिग ब्रेकफास्ट' म्हणावं लागतं. 'द मून', पण 'अ फुल मून'. विशेषण जोडलं की अनेक प्रकारांतला एक डोळ्यांपुढे येतो. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' ही मोजता न येणारी नामं मात्र विशेषणालाही बधत नाहीत. 'अ गुड ॲडव्हाइस' ही चूक भल्याभल्यांच्या लेखनात सापडते. नुसतं 'गुड ॲडव्हाइस' म्हणा, किंवा 'अ पीस ऑफ गुड ॲडव्हाइस'. तमभावाला, म्हणजे 'सर्वांत' असा अर्थ देणाऱ्या विशेषणाला, 'द' हवं, 'द बेस्ट बुक', पण 'माय' आलं की ते गळतं: 'माय बेस्ट फ्रेंड'.

क्रम साधा आहे, उपपद, विशेषण, नाम: 'अ व्हेरी गुड बुक'. तो 'सच' आणि 'सो' मोडतात. 'इतकं चांगलं पुस्तक' मनात धरून आपण 'सो गुड बुक' म्हणतो, तिथे उपपदच हरवतं. 'सच अ गुड बुक' म्हणा. 'सो गुड अ बुक'ही बरोबर, फक्त जरा भारदस्त.

आणि एक जागा अशी, जिथे एवढंसं 'अ' अर्थच फिरवतं. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मित्र नसल्यातच जमा. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोडे का होईना, आहेत.