काखोव्का: धरणाच्या वरच्या अंगाला काय झालं

मंडळी, धरण फुटलं म्हटलं की आपली नजर खालच्या अंगाला जाते. पाणी कुठे घुसलं, किती गावं बुडाली, माणसं छपरांवर कशी अडकली. कॅमेरेही तिथेच जातात, आणि जायलाच हवेत. आज मात्र काखोव्काबद्दल बोलताना मी भिंतीच्या वरच्या अंगाकडे जरा जास्त वेळ थांबणार आहे. तिकडे पाहिल्याशिवाय या प्रकरणाचा हिशेब लागत नाही, लष्करीसुद्धा.

आधी धरण समजून घेऊ. युक्रेनमध्ये नीपर नदीवर सोव्हिएत काळात सहा धरणांची साखळी उभी राहिली. काखोव्का त्यातलं सगळ्यात खालचं, १९५६ साली पूर्ण झालेलं. भिंतीची उंची ३० मीटर, म्हणजे काही फार नाही. पण मुलूख सपाट, त्यामुळे फुगवटा जवळजवळ २४० किलोमीटर लांब गेला होता. साठा १८ अब्ज घनमीटर, आपल्या मापात साधारण ६४० टीएमसी. काठची माणसं त्याला सरळ समुद्र म्हणायची.

२४ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, हे धरण रशियाच्या ताब्यात गेलं. नोव्हेंबरमध्ये रशियाला खेरसोन शहर सोडून डाव्या काठावर मागे यावं लागलं. जाता जाता धरणावरच्या रस्त्याचा एक भाग उडवला गेला, काही दरवाज्यांचंही नुकसान झालं. आता नदी हीच सीमा झाली. उजव्या काठावर युक्रेनचं सैन्य, डाव्या काठावर आणि वीजगृहात रशियाचं.

त्यानंतरचे आकडे बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून १४ मीटरपर्यंत उतरली, गेल्या तीस वर्षांतली नीचांकी. मे महिन्यात तीच पातळी साडेसतरा मीटरवर गेली, तीस वर्षांतली उच्चांकी. चार महिन्यांत दोन्ही टोकं! पावसाळ्यात कधी तरी धरणावर ड्युटी केलेल्या माणसाला यातून काय घडत होतं ते सांगावं लागणार नाही. दरवाजे कुणी हलवतच नव्हतं. हिवाळ्यात उघडे राहिलेले दरवाजे पाणी सोडत राहिले आणि वसंतात बर्फाचं पाणी आलं तेव्हा विसर्ग वाढवला गेला नाही. शेवटी पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागलं. धरणाला रोज माणूस लागतो, आणि इथे माणूस नव्हता, सैनिक होते.

६ जून २०२३ ला पहाटे, तीनच्या सुमाराला, भिंत गेली. नॉर्वेच्या भूकंपमापन संस्थेच्या यंत्रांनी २ वाजून ३५ आणि २ वाजून ५४ मिनिटांनी हादरे टिपले. दोषाचं काय? रशिया युक्रेनकडे बोट दाखवतो. पण धरण रशियाच्या ताब्यात होतं. असली काँक्रीटची रचना बाहेरून डागलेल्या तोफगोळ्यांनी अशी उघडी पडत नाही, भिंतीच्या पोटात, तळाशी असलेल्या बोगद्यात स्फोटकं ठेवावी लागतात, असं अभियंते सांगतात. तिथवर पोचायची सोय फक्त एका पक्षाला होती. दुसरी बाजूही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. २०२२ च्या शरदात युक्रेनने या धरणाच्या एका दरवाज्यावर हायमार्स रॉकेटांची चाचणी घेतली होती, पुरापुरतं पाणी सोडता येतं का ते बघायला, आणि त्यांच्या सेनापतीने ते उघडपणे सांगितलंही. म्हणजे पाण्याचं हत्यार करायचा विचार दोन्ही छावण्यांत झाला होता. तो करणं आणि मध्यरात्री, खाली झोपलेली गावं असताना, आख्खी भिंत उडवणं यात मात्र अंतर आहे.

पूर आला तो भिंतीसारखा धावून आला नाही. पाणी तासातासाने चढत गेलं आणि खेरसोनमध्ये ८ जूनला शिगेला पोचलं, नेहमीपेक्षा पाच मीटरहून जास्त. सुमारे ६०० चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला आणि त्यातला दोन तृतीयांश डाव्या, सखल, रशियाव्याप्त काठावर होता. हे लक्षात ठेवा, लष्करी हिशेबात ते परत येईल. उजव्या काठावर होड्या निघाल्या, स्वयंसेवक आले, माणसं आणि कुत्री बाहेर काढताना वर तोफगोळेही पडत राहिले. डाव्या काठावर, धरणालगतच्या नोव्हा काखोव्का शहरात, रशियाने नेमलेला महापौर पहिल्या काही तासांत काही झालंच नाही म्हणत होता. ओलेश्की या गावात माणसं पोटमाळ्यांवर अडकली आणि मदत आली नाही. संयुक्त राष्ट्रांनी त्या बाजूला जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

मृतांचा आकडा? रशियाव्याप्त बाजूने ५९ सांगितले, युक्रेनच्या बाजूने तीसेक. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी पुढे ओलेश्कीत मृतांची नोंद ठेवणाऱ्या आणि दफन करणाऱ्या माणसांशी बोलून पाहिलं, तेव्हा त्या एका गावातच शेकड्यांनी माणसं गेल्याचं दिसलं. मृत्यूचे दाखले कुणी द्यायचे यावरच ताब्यातल्या प्रशासनाने पहारा बसवला होता.

आता लष्करी बाजू. युक्रेनचा प्रतिहल्ला धरण फुटलं त्याच आठवड्यात झापोरिझ्झियाच्या आघाडीवर सुरू झाला होता. खेरसोनकडून नदी ओलांडायची शक्यता काही आठवड्यांपुरती बंद झाली आणि नीपरच्या काठची काही रशियन पथकं झापोरिझ्झिया आणि बाखमुतकडे हलवली गेली, असं ब्रिटनच्या संरक्षण खात्याने तेव्हा सांगितलं. म्हणजे फायदा झाला, नाही असं नाही. पण बुडालेला काठ कुणाचा होता? डाव्या काठावरची पहिली फळी रशियाचीच. खंदक पाण्याखाली गेले, महिनोन्‌महिने पेरलेले सुरुंग उपटून वाहत गेले, काही वाहता वाहता फुटले, काही थेट ओदेसाच्या किनाऱ्याला लागले. जूनअखेरीला, पाणी ओसरताच, युक्रेनची छोटी पथकं खेरसोनजवळच्या अंतोनिव्का पुलाखाली डाव्या काठावर दिसू लागली. ऑक्टोबरात क्रिंकी गावात त्यांनी पाय रोवले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते टिकले. त्या तुकडीने सोसलं ते भयंकरच. पण ज्या काठाचं रक्षण करायला भिंत उडवली असं मानलं, तो काठ राखायला एवढ्या मोठ्या पाण्याचा उपयोग महिनाभरच झाला.

पाण्याने कधीच लष्करी काम होत नाही असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने स्वतःच कीवच्या उत्तरेला कोझारोविचीचा बांध फोडून इर्पिन नदीचं खोरं भरलं आणि रशियन रणगाडे चिखलात अडकले. राजधानी वाचण्यात त्या पाण्याचा वाटा होता. देमिदिव गावाची तळघरं मात्र पुढे कित्येक महिने ओली राहिली. खोरं मुळात दलदलीचं, पाणी कमी, वस्ती विरळ, आणि आपल्याच लोकांना सांगता येईल असा निर्णय. याच नीपरवर १८ ऑगस्ट १९४१ ला सोव्हिएत सैन्याने झापोरिझ्झियाचं द्नीप्रोहेस धरण उडवलं, तेव्हा खाली कुणालाच कळवलं नव्हतं. खालच्या दलदलीत नदी ओलांडणारे आपलेच सैनिक आणि काठचे गावकरी वाहून गेले. किती, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. जर्मन सैन्याला ऑक्टोबरपर्यंत उशीर झाला आणि तेवढ्या वेळात कारखान्यांची यंत्रं पूर्वेला हलवता आली, एवढं पदरात पडलं.

आणि एक उदाहरण उलटं. क्रोएशियातलं पेरुचा धरण. जानेवारी १९९३ मध्ये सर्ब फौजांनी त्याच्या पोटात टनावारी स्फोटकं उडवली. भिंत खचली, पण फुटली नाही. कारण संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतल्या मार्क ग्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याने आधीच सांडवा उघडून पातळी सुमारे चार मीटर उतरवून ठेवली होती. खाली वीस-तीस हजार माणसं राहत होती. आता काखोव्काची मे महिन्यातली साडेसतरा मीटरची पातळी पुन्हा आठवा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात स्फोटाइतकाच मोठा गुन्हा त्या पातळीचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता वरच्या अंगाला जाऊ. पूर दोन आठवड्यांत बराच ओसरला. जलाशयाचं तसं नव्हतं, तो गेला तो गेलाच. दोन-तीन दिवसांत पातळी १२.७ मीटरच्या खाली उतरली, म्हणजे झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राचे पंप ज्या पातळीपर्यंत पाणी उचलू शकत त्याच्याही खाली. सहा अणुभट्ट्या, युरोपातलं सगळ्यात मोठं केंद्र, रशियाच्या ताब्यात. भट्ट्या सप्टेंबर २०२२ पासून वीज देत नव्हत्या, त्यामुळे लागणारं पाणी कमी होतं. नाही तर वेगळंच काही ऐकावं लागलं असतं. केंद्राशेजारी स्वतंत्र शीतकरण तळं होतं, त्यावर काम भागलं. पण त्या तळ्याच्या बांधाची काळजी होती. दाराला दोन्हीकडून माणसं रेटून उभी असावीत आणि एका बाजूचा माणूस अचानक निघून जावा, तसं त्या बांधाचं झालं. आतून पाणी रेटतंय आणि बाहेरचा जलाशय नाहीसा झालाय. बांध टिकला. पुढे भूजलासाठी अकरा विहिरी खणून केंद्राने वेगळी सोय केली.

माणसांची सोय इतक्या लवकर झाली नाही. निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव्ह ही जलाशयाकाठची शहरं. पुराचा थेंब त्यांच्याकडे आला नाही आणि नळ कोरडे पडले. खिडकीतून मैलोन्‌मैल चिखल आणि मेलेले मासे, खाली पाण्याच्या टँकरसमोर कॅन घेऊन रांग, आणि समोरच्या काठावरून तोफांचा मारा चालूच. पिण्याच्या पाण्याची गरज सात लाख माणसांना आहे, असं तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. क्रिवी रीहसारख्या पोलादाच्या शहराला दूरवरून नवी जलवाहिनी टाकावी लागली, सगळी मिळून सुमारे दीडशे किलोमीटर, ऐन युद्धात.

शेतीचं नुकसान आणखी लांबचं. युक्रेनच्या कृषी मंत्रालयाच्या हिशेबाने खेरसोन प्रांतातली ९४ टक्के आणि झापोरिझ्झियातली ७४ टक्के सिंचन व्यवस्था पाण्याविना राहिली. टोमॅटो, कलिंगडं, भाजीपाला यांचा हा पट्टा. यात रशियाने २०१४ मध्ये बळकावलेला क्रिमियाही आला. २०१४ मध्ये युक्रेनने बंद केलेला उत्तर क्रिमिया कालवा रशियाने आक्रमणाच्या पहिल्याच दिवसांत पुन्हा वाहता केला होता. त्या कालव्याचं तोंड काखोव्काच्या जलाशयातच होतं. जिंकून घेतलेलं पाणी असं गेलं. सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या एकत्र पाहणीत प्रत्यक्ष नुकसान सुमारे २.८ अब्ज डॉलर आणि त्यापायी झालेला तोटा ११ अब्ज डॉलरहून जास्त धरला गेला. दुसरा आकडा पहिल्याच्या चौपट आहे. बुडालेल्या घरांपेक्षा न आलेलं पाणी महाग पडलं.

कायद्याबद्दल थोडक्यात. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराचं (प्रोटोकॉलचं) ५६ वं कलम धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रं यांवर हल्ला करायला मनाई करतं. पाणी सुटून नागरिकांची मोठी हानी होणार असेल, तर ते ठिकाण लष्करी लक्ष्य असलं तरी. त्याला काही अपवाद आहेत, आणि वकील त्यांवर तासन्‌तास बोलू शकतात. अशा ठिकाणांसाठी तीन नारिंगी गोलांची खूणसुद्धा त्यात ठरवून दिलीय. रशिया आणि युक्रेन दोघेही त्या पूरक कराराला बांधील आहेत. ताब्यात घेतलेलं धरण स्वतःच उडवणं म्हणजे त्या अर्थाने 'हल्ला' होतो का, असा कीस पाडता येतो. पण व्याप्त प्रदेशातली मालमत्ता लष्करी गरज नसताना नष्ट करायला चौथा जिनिव्हा करार मनाई करतोच, त्यामुळे सुटका सोपी नाही.

राहिला प्रश्न पुढचा. जुलै २०२३ मध्ये युक्रेन सरकारने धरण पुन्हा बांधायच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. दरम्यान उघड्या पडलेल्या तळावर वाळुंजाची झाडं दोन वर्षांत माणसाच्या डोक्यावर गेली. जलाशयाखाली बुडालेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला, वेलिकी लुहला, आता परत येऊ द्या, धरण नको, असं पर्यावरणाचे अभ्यासक म्हणतात. जलविद्युतवाले आणि शेतकरी म्हणतात, पाणी कुठून आणायचं? दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण धरणाची डावी बाजू अजून रशियाच्या ताब्यात आहे, तोफांच्या पल्ल्यात सर्वेक्षणाचा खांबही रोवता येत नाही, आणि गाळात किती सुरुंग रुतलेत ते शोधायलाच वर्षं जातील.