जक्कयाचा हिशेब

(लेंत म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात भायखळा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधुभगिनींनो,

‘वंशभेद आणि ख्रिस्ती विश्वास’ असा विषय मला दिला आहे. मुंबईत हा विषय आला की बोलणाऱ्याची मोठी सोय होते. दोषी माणसे दूरची असतात, गोरी असतात आणि बहुतेक मेलेली असतात. मार्टिन लुथर किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा गावदेवीच्या मणिभवनात राहिले, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्याच दौऱ्यात केरळातल्या दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य’ अशी करून दिली. किंगना आधी ते लागले, मग विचार करता पटले. ही हकिगत मात्र आपण क्वचितच सांगतो.

मला आज समेटाबद्दल बोलायचे आहे, कारण चर्चला समेट फार लवकर आठवतो. अन्यायाची तक्रार कोणी उच्चारली, की ‘क्षमा कर आणि विसर’ हा सल्ला तक्रार पुरी व्हायच्या आत तयार असतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जक्कय घ्या. रविवारच्या शाळेत तो बुटका, उंबरावर चढलेला, मुलांना आवडणारा माणूस म्हणून येतो आणि तिथेच संपतो. पुढचा भाग मोठ्यांचा आहे. येशू त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुरतात, आणि हा मुख्य जकातदार उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले’ हे येशू त्यानंतर म्हणतो. येशू घरी आधी गेला हे मान्य. कृपा अटीवर नव्हती. पण यरीहो या जक्कयाच्या गावातल्या ज्या माणसाकडून जास्तीची जकात उकळली होती, त्याने पैसे हातात पडायच्या आधीच जक्कयाला भाऊ म्हणावे, असे येशू कुठेही सांगत नाही. आपली शिकवण नेमकी तीच असते.

आता आपल्या जवळची वही उघडू. नगर आणि कोल्हापूर भागातून आलेल्या कुटुंबांना एसपीजी मिशन (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) हे नाव घरचे आहे. शाळा, दवाखाने, दुष्काळात मिळालेले अन्न. ती कृतज्ञता खोटी नाही. १७०१ साली लंडनमध्ये निघालेली ही संस्था. १७१० साली ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाचा मळेवाला वारला आणि बार्बाडोसमधले आपले उसाचे मळे गुलामांसकट तिला देऊन गेला. शुभवर्तमान पसरवणारी संस्था गुलामांची मालक झाली. सुरुवातीच्या काळात तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ ही अक्षरे उमटवली जात. १८३३ साली ब्रिटनने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई ठरवली. ती मालकांना मिळाली, या संस्थेलाही मिळाली. सुटलेल्यांना छदामही मिळाला नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडने (धर्मसभेने) २००६ साली माफी मागितली. त्या संस्थेच्या आजच्या वारसांनी बार्बाडोससाठी ७० लाख पौंडांचे काम जाहीर केले ते २०२३ साली. मधली जवळजवळ दोनशे वर्षे समेटावरची प्रवचने काही थांबली नव्हती.

अमेरिकन मराठी मिशनवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. १८१३ साली ज्या बोर्डाने मुंबईत मिशनरी पाठवले, त्याने गुलाममालकांच्या देणग्या नाकारायला तयारी दाखवली नाही. म्हणून १८४६ साली चिडलेल्या ख्रिस्ती लोकांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. बोर्डातली माणसे दुष्ट नव्हती. मिशनचे काम अडू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमार हिंदी महासागरात गुलामांची जहाजे पकडत असे आणि सोडवलेल्या आफ्रिकन मुलांपैकी कित्येक मुंबई बंदरात उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला नेले, सुतारकाम-लोहारकाम शिकवले, बाप्तिस्मा दिला. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७३ साली आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा तो त्यांच्या माणसांत होता. हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले; त्या दफनाची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव त्याने कोरले. सहकाऱ्यांनी तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत जेकबने शवपेटीला खांदा दिला. तिथल्या शिळेवर लिहिले आहे की विश्वासू हातांनी भूमी आणि समुद्र ओलांडून हा देह आणला. ते हात कोणाचे, हे शिळेवर नाही. मला हा सगळा इतिहास या एका गोष्टीत दिसतो. दया भरपूर, तीही मनापासून. फक्त समोरच्याला नाव नाही.

दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ साली गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळी उपासना करायची मुभा दिली. कारण काय, तर काहींचा विश्वास दुर्बळ आहे, त्यांना सांभाळून घ्यावे. दुर्बळ कोण? ज्यांना शेजारी काळा माणूस चालत नव्हता ते. त्या सवलतीची पुढे धर्मशिकवण झाली आणि वर्णभेदाच्या राज्याला तिचा आधार मिळाला. १९८२ साली त्याच परंपरेतल्या, गोरेतरांसाठी तोडलेल्या चर्चने या वेगळेपणाला नकार देणारा बेलहारचा विश्वासांगीकार मांडला, १९८६ साली स्वीकारला. तिथल्याच ख्रिस्ती धर्मविचारकांच्या १९८५ च्या कैरोस निवेदनाने तर चर्चवाल्यांना तोंडावर सांगितले की न्यायाशिवाय समेटाचा उपदेश करणे हे ख्रिस्ती नव्हेच.

पुढे आर्चबिशप टुटूंच्या अध्यक्षतेखाली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला सत्य आणि समेट आयोग बसला. मला टुटूंबद्दल आदर आहे. पण आयोगाच्या कामातही अत्याचार करणाऱ्याची माफी मंजूर झाली की लगेच लागू होत असे, भरपाई मात्र सरकारच्या मर्जीवर राहिली. २००३ साली प्रत्येक मान्य पीडिताला एकदाच ३०,००० रँड देऊन सरकार मोकळे झाले. आयोगाने सुचवलेली रक्कम कितीतरी मोठी होती. मारणाऱ्याला आधी मिळाले, मेलेल्याच्या आईला नंतर.

आता आपण. वंश आणि जात एक नव्हेत. जातीचे मूळ वंशात आहे हे बाबासाहेबांनीही नाकारले होते. पण चर्चची वागणूक दोन्हीकडे सारखीच दिसते, त्यामुळे त्या फरकाचा आडोसा आपल्याला घेता येणार नाही. कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांविषयीचे धोरण काढून चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्तजनांना अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. या प्रश्नावर मोर्चा निघतो तेव्हा ज्या ख्रिस्ती कुटुंबांना सवलतीची गरज नाही, ती घरी असतात. आणि लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ ही चौकशी किती हळू आवाजात होते, ते इथल्या आयांना विचारा.

मीरा रोडला, नालासोपाऱ्याला नायजेरियन राहतात. त्यांच्यात ख्रिस्ती पुष्कळ आहेत. त्यांना घर भाड्याने देताना आपले लोक काय म्हणतात हे मी इथे बोलून दाखवणार नाही. लहान मुले बसली आहेत. ते आपल्या उपासनेला का येत नाहीत, असे मंडळीच्या एका पंचाला विचारले तर उत्तर मिळाले, ‘त्यांची स्वतःची फेलोशिप आहे ना.’ १८५७ सालची ती मुभा अशीच काहीशी सुरू झाली होती.

एप्रिलनंतर आपापल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभा होतील. हिशेब वाचला जाईल आणि निम्मे लोक चहाकडे बघत असतील. माझी सूचना त्याच सभेपुरती आहे. मिशनने सोडलेल्या जागा, शाळा, वसतिगृहे आज कोणाच्या हातात आहेत, गेल्या दोन पिढ्यांत कमिटीवर कोणत्या घरांतले लोक आले आणि कोणत्या घरांतले एकदाही आले नाहीत, हे कागदावर मांडा आणि मोठ्याने वाचा. मांग समाजातून आलेल्या कुटुंबांना तो कागद आधी दाखवा, दुरुस्त करू द्या. त्या दिवशी समेटावर प्रवचन ठेवू नका. काय परत करायचे ते ठरवा, त्याला तारीख घाला आणि इतिवृत्तात नोंदवा.

काहींना हे चर्चमध्ये भांडण लावणे वाटते आहे, चेहऱ्यांवरून कळते. अर्धा तास उरला आहे. माइक मागे पाठवतो, विचारा.