जिथे गॅस, तिथे तेल नाही

(धुळ्यात नव्या भरतीच्या जवानांपुढे एका निवृत्त आर्मोररने, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने, दिलेलं व्याख्यान)

पोरांनो, काल फायरिंगनंतर तुमच्यातल्या एकाने एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, माझ्या हातात दिली. तेलाने नुसती चमकत होती. गॅस प्लग काढून पिस्टन बाहेर ओढला, तर त्याचं डोकं काळं कुळकुळीत आणि काजळीवर तेल थापलेलं. आंघोळ न करता अत्तर लावावं तसं!

या रायफलचं काम गॅसवर चालतं. गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा मागचा थोडा गॅस नळीवरच्या बारीक छिद्रातून वर येतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन कॅरियरला, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला, धक्का देतो, नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्रीच ब्लॉक सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते. पण गॅससोबत काजळीही येते. तिथे तेल असलं की ते जळून कढईच्या बुडासारखा थर धरतो. म्हणून पिस्टन, सिलेंडर, गॅस प्लग खरवडून पुसायचे आणि फायरिंगआधी कोरडे ठेवायचे.

चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, तेही कोरडं. हे लवकर पटत नाही कुणाला. बार उडाला की पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरून बसते. भिंतीला तेल असेल तर ती पकड सुटते आणि सगळा मार ब्रीच ब्लॉकवर येतो. आपल्या वरणगावच्या कारखान्यातलं काडतूस कितीही चांगलं असो, हा मार चुकत नाही.

मग तेल कुठे? कॅरियर ज्या खाचांतून सरकतो तिथे, आणि ब्रीच ब्लॉकला लोखंड घासतं तिथे. बोटावर थेंब घेऊन फिरवायचा, बस. मी नवा असताना मे महिन्यात खाचा तेलाने भरून रेंजवर गेलो. आपल्याकडचं ऊन, त्यात काळ्या मातीची धूळ. दुसऱ्याच मॅगझिनला रायफल अडकली. उस्ताद अहिराणीत म्हणाले, "तेल जास्त व्हयनं का धूळ चिकटस." पुढचा तासभर मी खाचांतला काळा चिखल काढत होतो.

नळीसाठी पुलथ्रू, म्हणजे चिंदी लावून नळीतून ओढायची दोरी. 4 बाय 2 इंचाची चिंदी, चेंबरकडून घालायची आणि तोंडाकडून ओढायची, एका दमात, सरळ. दोरी वाकडी ओढलीत तर तोंडाची कड झिजते, आणि मग गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. पावसाळ्यात तोरणमाळकडे ड्युटी लागली तर कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, ठेवताना नळीला पातळ तेल द्या, पण फायरिंगआधी कोरडी चिंदी फिरवायला विसरू नका. आणि आज साफ केली म्हणून उद्या सोडू नका. काजळी पुन्हा वर येते, दोन-तीन दिवस चिंदी काळीच निघते.

चला, आता मॅगझिन काढा. कॉकिंग हँडल मागे ओढून धरा, चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा. शेजाऱ्याचंही बघा. मग चिंद्या वाटतो.