वाचायचंच तर आहे! लेबल नावाच्या कंट्रोलविषयी

आज बटणं, टेबलं, चार्ट यातलं काही घेणार नाहीये, फक्त लेबल. जीयूआय (प्रोग्रॅमची खिडक्या-बटणांची बाजू) शिकताना पहिल्याच दिवशी लेबल येतं, विंडोवर 'नमस्कार' उमटतो, सगळे खूश, आणि त्यानंतर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. कारण काय, तर त्यात टाइप करता येत नाही, फोकस (कीबोर्डचा रोख) येत नाही, नुसतं वाचायचं. बरं, पण युजरच्या आधी ते वाचतं कोण? टूलकिट वाचतं, म्हणजे बटणं, लेबलं पुरवणारी तयार लायब्ररी. आणि तुम्ही लिहिलंय तसंच्या तसं ते दाखवेल याची काही गॅरंटी नाही.

समजा बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटमध्ये केलेलं, वर लेबलमध्ये दुकानाचं नाव, 'बापू & सन्स'. चालवून बघा, मधला & गायब. बग नाहीये तो. तिथे & चा अर्थ 'पुढचं अक्षर शॉर्टकटचं' असा होतो. एकतर && असं दोनदा लिहा, नाहीतर 'यूज नेमॉनिक' ही प्रॉपर्टी फॉल्स करा, डिफॉल्टला ती ट्रू असते. डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या टूलकिटमध्ये, हेच काम अंडरस्कोर करतो, म्हणून लेबलमध्ये 'बिल_मार्च' टाकलंत की 'बिलमार्च' दिसतं, आणि तेच टेक्स्टब्लॉक या नुसता मजकूर दाखवणाऱ्या कंट्रोलमध्ये टाकलं तर नीट दिसतं. डेव्हलपर टेस्टिंगला 'एबीसी ट्रेडर्स' टाकतो, सगळं ओके, आणि मग खरा डेटा आला की फोन सुरू.

जावाचं टूलकिट स्विंग, त्याची तर वेगळीच गंमत. जेलेबलला, म्हणजे स्विंगच्या लेबलला, दिलेला मजकूर एचटीएमएलच्या ओपनिंग टॅगने सुरू झाला की ते तो एचटीएमएल म्हणून रेंडर करतं. दोन ओळी हव्यात, एखादा शब्द ठळक हवाय, तेव्हा हे मस्तच. पण तो मजकूर तुमचा नसेल तर? चॅटमधलं नाव असेल, फाइलचं नाव असेल, सर्व्हरकडून आलेला एरर असेल, त्यात कोणी मुद्दाम इमेजचा टॅग घातला तर तुमचं ॲप त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणायला निघतं. 'एचटीएमएल डॉट डिसेबल' अशी एक क्लायंट प्रॉपर्टी (कंट्रोलला जोडायची सेटिंग) आहे, बाहेरचा मजकूर दाखवणाऱ्या लेबलवर मजकूर टाकायच्या आधी ती ट्रू करून ठेवायची. क्यूटी या टूलकिटचं क्यूलेबलसुद्धा मजकूर रिच टेक्स्ट (टॅगने सजवलेला) आहे की साधा हे डिफॉल्टला अंदाजानेच ठरवतं, तिथे फॉरमॅट प्लेन टेक्स्ट असं सांगून टाकायचं. माझं मत विचाराल तर डिफॉल्ट उलटं असायला हवं होतं, पण आता जुना कोड मोडेल म्हणून ते कोणी बदलणार नाही.

आता मराठी. 'कोल्हापूर' घ्या. डोळ्यांना चार अक्षरं, पण युनिकोडमध्ये ९ कोड पॉइंट, म्हणजे वेगवेगळे नंबर असलेली चिन्हं: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. जागा पुरत नाही म्हणून कोणीतरी सबस्ट्रिंगने (मजकुराचा तुकडा काढणारं फंक्शन) ४ वर कापतो, पुढे तीन टिंबं लावतो, स्क्रीनवर येतं 'कोल्', पाय मोडलेला ल घेऊन. ६ वर कापलं तर थेट 'कोल्हा...'! जिल्ह्यांच्या यादीत कोल्हा, काय बोलणार. स्ट्रिंग स्वतः कापायचीच नाही. मजकूर मावत नसेल तर जेलेबल पिक्सेलमध्ये रुंदी मोजून टिंबं स्वतःच लावतं, अँड्रॉइडच्या टेक्स्टव्ह्यूला (तिथलं लेबल) त्यासाठी 'एलिप्साइझ' आहे, आणि पूर्ण नाव टूलटिपमध्ये द्या. तसंच उंचीचं. लेआउट मॅनेजर (कंट्रोलची जागा आणि माप ठरवणारा) काढून टाकून हाताने २० पिक्सेल उंची ठोकली की इंग्रजी छान बसतं, पण 'कृ', 'र्की' यांचं वरचं नाहीतर खालचं काहीतरी कापलं जातं. लेबलला स्वतःला किती जागा हवी ते माहीत असतं, प्रेफर्ड साइझ विचारा ना त्याला.

दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हा आणखी एक वाचणारा. डोळ्यांना 'मोबाइल नंबर' हे लेबल आणि शेजारचा बॉक्स एकत्र दिसतात, पण स्क्रीन रीडरला शेजारी असणं म्हणजे काहीच नाही, नातं कोडमध्ये सांगावं लागतं. स्विंगमध्ये 'सेट लेबल फॉर', क्यूटीत 'सेट बडी', वेबवर लेबल टॅगचं 'फॉर'. एक ओळ लिहायची, की फील्डला नाव मिळतं आणि शॉर्टकट दाबला की फोकसही थेट त्या बॉक्समध्ये जातो. ही ओळ न लिहिण्याचं कारण मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही.

मधे एकाने विचारलं की 'लूपमध्ये लेबल अपडेट करतोय, पण शेवटचं १०० टक्केच दिसतं, मधलं काही नाही'. बरोबरे, कारण लूप स्विंगच्या इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर (क्लिक वगैरे हाताळणारा थ्रेड) चाललंय आणि रंगवायचं कामही त्याच थ्रेडचं, तो मोकळा झाल्याशिवाय रंगवणार कधी? जड काम वेगळ्या थ्रेडवर चालवणाऱ्या स्विंगवर्करला द्या, जावा ६ पासून आहे तो.

एरर नंबर मात्र लेबलमध्ये दाखवू नका. जेलेबलमधला मजकूर सिलेक्ट होत नाही, मग युजर मोबाइलने स्क्रीनचा तिरपा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तुम्ही बसा ८ आहे की ३ ते बघत. तिथे टेक्स्टफील्ड घ्या, एडिटेबल फॉल्स करा, बॉर्डर काढा, दिसायला लेबलच, पण कॉपी होतं. फक्त एनेबल्ड फॉल्स करू नका, अक्षरं करडी पडतात आणि फोकसही जात नाही. क्यूलेबलमध्ये तर मजकूर सिलेक्ट होऊ देणं एका फ्लॅगचं (सेटिंगचं) काम आहे.

आणि शेवटचा प्रश्न आला तो, लेबलला माउस लिसनर (क्लिक ओळखणारा कोड) लावून लिंक केली तर चालेल का. चालेल, पण माउस असणाऱ्यांनाच, टॅबने तिथे पोचताच येणार नाही. त्यापेक्षा जेबटन, म्हणजे स्विंगचं बटण, घ्या, त्याची बॉर्डर आणि आतला भराव बंद करा, अक्षरं निळी करा, दिसेल लिंकसारखं आणि स्पेसबारनेही दाबता येईल.