भीमेच्या काठानं : उजनी ते कुडल

(दृश्य : पहाट. आकाशातून दिसणारे दोन प्रवाह.)

डावीकडून येतेय ती सीना. उजवीकडचं रुंद पात्र भीमेचं. समोरचा काठ कर्नाटकाचा, अलीकडचा आपला. सोलापूर शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हे हत्तरसंग कुडल. झाडांमधून दिसणारं काळ्या दगडाचं देऊळ संगमेश्वराचं.

खरं तर हे गाव शेवटी दाखवायचं ठरलं होतं. पण चित्रण जुळवायला बसलो आणि सुरुवात इथूनच करावीशी वाटली. या देवळातल्या एका तुळईवर मराठीतलं एक वाक्य कोरलंय. ते वाचायला आपण परत इथं येऊ. आधी नदी कुठून आली ते बघू.

(दृश्य : महाराष्ट्राचा नकाशा. पश्चिमेला डोंगररांग उजळते.)

महाराष्ट्राची जमीन पूर्वेकडं कलती आहे. सह्याद्रीची भिंत अरबी समुद्राला खेटून उभी, पण तिच्या माथ्यावर पडलेलं पाणी समुद्राकडं पाठ फिरवून शेकडो किलोमीटर उलट दिशेनं जातं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. गोदावरी तशीच, कृष्णा तशीच. भीमा कृष्णेची सगळ्यात लांब उपनदी, 861 किलोमीटरची.

पावसाचा हिशोबही हीच भिंत ठरवते. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तीच नदी सोलापुरात पोचते तेव्हा आजूबाजूच्या रानात 600 मिलिमीटरसुद्धा पडत नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली भीमा आपल्या पावसाची नाहीच. ती डोंगराचं पाणी घेऊन येणारी पाहुणी आहे, आणि तिच्या येण्यावर आपलं सगळं अवलंबून.

(दृश्य : भीमाशंकर. धुकं.)

भीमाशंकर. ज्योतिर्लिंग, शेकरूंचं जंगल आणि धुकं.

इथून खाली उतरल्यावर एकेक नदी येऊन मिळते. तुळापूरला इंद्रायणी. पुढं पुणे शहर ओलांडून आलेली मुळा-मुठा. मग घोड. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, नीरा. पण नीरेच्या आधी नदीला एक भिंत आडवी येते.

(दृश्य : उजनी धरण, भिंतीवरून.)

उजनी. माढा तालुका. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झालं आणि 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. 1980 मध्ये काम पुरं झालं. जलाशयाला नाव दिलं यशवंतसागर. 41 दरवाजे. मागं दौंडपर्यंत पसरलेलं पाणी.

सोलापूरकर पावसाळ्यात सकाळी उठून पहिली चौकशी करतो ती उजनीच्या टक्क्याची. बाहेरच्या माणसाला हा टक्का कळत नाही, कारण तो शून्याच्या खालीही जातो. धरणात एकूण पाणी मावतं सुमारे 117 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्याचं, कालव्याच्या दाराच्या खालच्या पातळीवरचं. वर उरतो तो 53 टीएमसीचा जिवंत साठा, आणि टक्केवारी फक्त त्याच्यावर काढतात. जिवंत साठा संपला की शून्य. त्याच्या खाली पाणी गेलं की उणे दहा, उणे वीस. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठच्या जवळ गेली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण भरून दरवाजे उघडावे लागले. त्या पंधरवड्यात उजनीवर पाऊस फार नव्हता. पडत होता तो वर, घाटमाथ्यावर.

(दृश्य : कोरडा जलाशय. चिखलाला पडलेल्या भेगा. पळसदेवचं देऊळ.)

हे पळसदेव. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं जुनं गाव, धरणात गेलेलं. गाव वर सरकलं, देऊळ तिथंच राहिलं. एरवी पाण्यावर नुसतं शिखर दिसतं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की गाभारा दिसतो, सभामंडप दिसतो, मग दारात उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. खांबांवर पाण्याच्या रेघा बघा, वर्षा-वर्षाच्या पातळीच्या. चाळीस वर्षांहून जास्त काळ हा दगड दरवर्षी भिजतोय आणि वाळतोय, तरी कोरीवकामाच्या कडा अजून धारदार आहेत. त्या काळच्या पाथरवटांना दगड निवडता येत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थर-थर साचून तयार झालेला हा आपला काळा कातळ. त्याच्या वरची काळी माती याच कातळाची पोर.

करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली कितीतरी गावं अशीच उठली. कुगाव-कळाशीसारख्या गावांमधला पाण्यावरचा प्रवास होडीनं होत राहिला, आणि 21 मे 2024 ला वादळात होडी उलटून सहा जण गेले.

(दृश्य : भिगवण. रोहित पक्षी. मासेमारांच्या होड्या.)

हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित उतरतात. सकाळी सूर्य पाठीमागं असतो तेव्हा नावाड्यानं इंजिन बंद केलं, म्हणून आम्हाला हे चित्रण मिळालं. बाजारात येते ती चिलापी मासळी आणि प्रवाशांच्या गाड्या थांबतात ती माशाची खाणावळ. पाण्याला दिसतोय तो हिरवा रंग वरच्या शहरांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा.

(दृश्य : पंढरपूर. चंद्रकोरीसारखं वळण.)

हे वळण बघितल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही. पंढरपूरला भीमा चंद्राच्या कोरीसारखी वळते, म्हणून इथं ती चंद्रभागा. वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ, त्याच्या मागं घाट, घाटावरून महाद्वार. आषाढीची गर्दी तुम्ही दरवर्षी बघता. आम्ही गेलो ते साध्या दिवशी, सकाळी सहा वाजता, कपडे धुणाऱ्या बायका आणि चार-दोन माळकरी होते तेव्हा.

नदीचं जुनं नाव भीमरथी. होयसळ राजा सोमेश्वराच्या 1237 च्या शिलालेखात भीमरथीच्या काठचं पंडरगे गाव येतं, ते हेच. विठ्ठलमंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख 1273 ते 1277 मधला, देवळासाठी कुणी काय दिलं याची नोंद. त्यात राजा रामचंद्रदेव यादव आहे आणि साधी माणसंही आहेत. या शिळेला पाठ घासून चौऱ्यांशीच्या फेऱ्यांतून सुटायचं अशी भाविकांची श्रद्धा, त्यामुळं अक्षरं गुळगुळीत झालीत. आणि 1947 च्या मे महिन्यात याच गावात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा चोखोबांच्या लेकरांना विठ्ठलाचा दरवाजा उघडला. 2020 च्या ऑक्टोबरात पुराच्या वेळी कुंभार घाटाची भिंत पडून सहा जीव गेले.

(दृश्य : माचणूर. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, किल्ल्याचा बुरूज.)

मंगळवेढा तालुक्यातलं माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ आणि त्याला लागूनच औरंगजेबाचा किल्ला. 1695 पासून चार वर्षं मुघल बादशहाची छावणी याच काठावर, ब्रह्मपुरीला, होती. दिल्लीचा कारभार भीमेच्या पाण्यावर चालत होता. पलीकडं बेगमपूरला त्याच्या मुलीची कबर म्हणून दाखवतात ती ही.

(दृश्य : ज्वारीचं शिवार. कणसं.)

आणि ही मंगळवेढ्याची ज्वारी. हिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस संपल्यावर पेरायची, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढवायची. मालदांडी म्हणतात ती हीच, मोहोळच्या संशोधन केंद्रातली निवड. उजनीचा कालवा आला तिथं आता उसाचे फड दिसतात, जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. माती मात्र मुळात ज्वारीची. भाकरी कडक झाली तरी महिनाभर टिकते, ते तिचंच देणं.

(दृश्य : सोलापूर. सिद्धेश्वर तलाव. मग रंगीत घागरींची रांग.)

सोलापूर शहर भीमेवर वसलेलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, असं परंपरा सांगते. ब्रिटिशांनी 1871 मध्ये एकरुखचा तलाव पुरा केला, आपण त्याला हिप्परगा म्हणतो. आज शहर भीमेचं पाणी पितं. काही उजनीतून थेट जलवाहिनीनं, काही नदीतून सोडलेलं. नदीतलं पाणी वाटेत जिरतं, उडतं, मोटारी लावून उपसलं जातं, आणि उरलेलं बंधाऱ्यात पोचतं. नळाला पाणी काही दिवसांआड.

(दृश्य : पुन्हा कुडल. दुपार उतरतेय. देवळाचा सभामंडप.)

आता तुळई.

इथं दुपारी बारा वाजता आलात तर काही दिसणार नाही. ऊन सरळ पडलं की अक्षरं दगडात बुडून जातात. आम्ही साडेचारपर्यंत थांबलो. तिरपा उजेड आत शिरला आणि आधी एक काना दिसला, मग एक वेलांटी, मग पूर्ण शब्द.

जुना लेख वाचायची रीत अशी. आधी दगड पाण्यानं स्वच्छ धुवायचा. ओला कागद त्यावर बसवायचा आणि ब्रशनं हळूहळू ठोकायचा, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचेत उतरतो. मग कापडाच्या गोळ्यावर शाई घेऊन कागदावरून टिपत जायचं. उंचावरचा भाग काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. याला ठसा घेणं म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवळांत, शेतांच्या बांधावर, विहिरींच्या कडेला असे ठसे घेत हिंडलेले संशोधक म्हणजे आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार. या भागातले बहुतेक जुने लेख कन्नड, कारण तेव्हा इथं राज्य कल्याणीच्या चालुक्यांचं. कुडलच्या या लेखाचं महत्त्व मराठीच्या अभ्यासकांसमोर आलं ते कुंभारांच्या कामामुळं.

शब्द असे आहेत : "वाछितो विजेया होइवा". वाछि म्हणजे वाची. वाची तो, म्हणजे वाचेल तो. होइवा म्हणजे होईल. हे वाचेल तो विजयी होईल.

काळ दिलाय शके 940. त्यात 78 मिळवा. इसवी सन 1018. मराठीतल्या आद्य शिलालेखांमध्ये याची गणना होते. ज्ञानेश्वरी लिहून झाली 1290 मध्ये, म्हणजे हे वाक्य तिच्याआधी 272 वर्षं या तुळईवर होतं. श्रवणबेळगोळच्या मराठी शिलालेखाचं नाव शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाला पाठ असतं. कुडलचं नाव सोलापुरातल्या पोरांनाही ठाऊक नसतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या भाषेचं एवढं जुनं अक्षर आपल्या एसटीच्या टप्प्यात आहे.

हे वाक्य राजाच्या दरबारातलं नाही. दान दिलं, जमीन दिली, असंही त्यात नाही. ते वाचणाऱ्याशी बोलतंय. हजार वर्षांपूर्वी कन्नड बोलीच्या काठावर कुणीतरी छिन्नी उचलली आणि पुढं कधीतरी येणाऱ्या, मराठी वाचू शकणाऱ्या माणसाला शुभेच्छा दिली.

(दृश्य : हरिहरेश्वर मंदिर. बहुमुखी शिवलिंग.)

शेजारचं हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गाडलं गेलं होतं. ते मोकळं केलं तेव्हा हे लिंग मिळालं. एका मोठ्या लिंगावर ओळीनं 359 मुखं. एकेका मुखाजवळ कॅमेरा थांबवलाय, सावकाश बघा.

इथं भीमेला मिळणाऱ्या याच सीनेला 2025 च्या सप्टेंबरात मोठा पूर आला, माढा-मोहोळपासून खाली काठची गावं पाण्यात गेली.

(दृश्य : संगमाच्या खालची भीमा. संध्याकाळ.)

इथून पुढं भीमा काही अंतर दोन राज्यांची शीव होऊन चालते. एका काठाला मराठी, दुसऱ्या काठाला कन्नड, आणि दोन्हीकडची माणसं दोन्ही भाषा बोलतात. मग ती पूर्ण कर्नाटकाची होते आणि रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते.

पुढची दीड मिनिटं निवेदन नाही. संगमावरचा पाण्याचा आवाज जसा रेकॉर्ड झाला तसाच ठेवलाय. मधे घंटा ऐकू येईल, ती संगमेश्वराची.