सर्व्हरवर थेट ‘रूट’ म्हणून का शिरू नये?

नमस्कार. काही वर्षांपूर्वी इथे इंदुरातच मी एका कार्यालयाचा सर्व्हर सांभाळत होतो. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड आम्हा चौघांना ठाऊक होता. एके दिवशी सकाळी बिलांच्या बॅकअपचा अख्खा फोल्डर नाहीसा झालेला आढळला. लॉगमध्ये आदल्या रात्री रूटने लॉगिन केल्याची नोंद होती आणि आयपी पत्ता कार्यालयाच्या व्हीपीएनचा (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कात शिरण्याच्या खाजगी वाटेचा), म्हणजे चौघांचाही तोच. चौघेही शपथेवर सांगत होते, की त्या वेळी आपण सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात होतो. त्यांतला एक मीही होतो.

रूट हे माणसाचे नाव नाही. युनिक्सच्या (बहुतेक सर्व्हर ज्या घराण्यातल्या प्रणालींवर चालतात त्याच्या) लेखी तो शून्य क्रमांकाचा वापरकर्ता आहे आणि फाइलींच्या परवानग्या त्याला आडव्या येत नाहीत. पासवर्ड ओळखून पाहणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, ‘रूट’ हे नाव गृहीत धरूनच येतात, हे खरे. परंतु माझ्या मते त्याहून मोठे दुखणे म्हणजे काम कोणी केले हे कळत नाही, हे आहे.

दूरच्या यंत्रावर शिरण्यासाठी टेलनेट वापरत, त्या काळात तर पासवर्ड उघडाच तारेतून जात असे. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यावर 1995 मध्ये तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळे संभाषण कुलूपबंद करून पाठवणारे एसएसएच लिहिले आणि तो प्रश्न मिटला. तरीही ओपनएसएसएच या त्याच्या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या मुक्त अवतारात रूटला पासवर्डने येऊ देण्याची मूळ सेटिंग 2015 मधील 7.0 या आवृत्तीपर्यंत टिकून होती. त्यानंतर रूटला पासवर्डऐवजी किल्ली (ओळख पटवणारी फाइल) लागते, पण दार पूर्ण बंद नसते. ते आपल्याला एसएसएचच्या सेटिंगच्या फाइलीत ‘परमिट रूट लॉगिन’पुढे ‘नो’ लिहून लावावे लागते.

त्याआधी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे, त्यात त्याच्या किल्लीच्या जोडीतला सर्व्हरवर ठेवायचा अर्धा भाग, म्हणजे सार्वजनिक किल्ली, ठेवावी आणि त्याला सुडोचा, म्हणजे आपल्या नावाने राहून एखादी कमांड रूटच्या अधिकाराने चालवण्याचा, अधिकार द्यावा. उबुंटूवर त्यासाठी ‘सुडो’ नावाचा गट असतो, रेड हॅटवर ‘व्हील’. सुडोच्या नियमांची फाइल व्हिसुडो या खास संपादकानेच उघडावी, कारण व्याकरण चुकले तर तो जतन करण्यापूर्वी अडवतो. मात्र कोणी ‘सुडो हायफन आय’ करून रूटचे शेल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडून बसला, तर साध्या मांडणीत शेल उघडल्याचीच नोंद राहते, आतल्या कमांडची नाही; तेव्हा ही सवय मोडावी लागते.

आता मी स्वतः जिथे फसलो ते सांगतो. एसएसएचच्या मुख्य फाइलीत पासवर्ड बंद करणारे ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन नो’ लिहूनही पासवर्ड चालतच होता. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्राम, एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो, आणि उबुंटूत सेटिंगच्या जोडफाइली मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच वाचल्या जातात. त्यांतल्या एकीत क्लाउड-इनिटने (क्लाउडमधला सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) ‘येस’ लिहून ठेवले होते. म्हणून ‘एसएसएचडी हायफन’पुढे मोठा टी देऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग वाचावी. लहान टी केवळ व्याकरण तपासतो.

रात्रीच्या बॅकअपला रूट लागतच असेल, तर ‘परमिट रूट लॉगिन’पुढे ‘नो’ऐवजी ‘फोर्स्ड कमांड्स ओन्ली’ ठेवावे आणि त्या किल्लीला एकच ठरलेली कमांड बांधून द्यावी.

हे बदल लागू करायला एसएसएचची सेवा पुन्हा सुरू करावी लागते. तिने चालू सत्र तुटत नाही, म्हणून पहिली खिडकी उघडीच ठेवा. दुसऱ्या खिडकीतून आधी आपल्या नावाने शिरून सुडो चालवून पाहा, मग रूट म्हणून प्रयत्न करा. तिथे ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर आले, की पहिली खिडकी मिटायला हरकत नाही.